‘बसून खातात’ म्हणणाऱ्यांसाठी

“अमेरिकेत नेऊन बसवलं, पोटाला मिळतंय, वर डिप्रेशन कसलं?” भूतानमधून हाकललेल्या नेपाळीभाषक म्हाताऱ्यांबद्दल आज एका शहाण्याने हे ऐकवलं. डोकंच फिरलं.

ओहायोतल्या कोलंबसमध्ये असे एक आजोबा आहेत. दक्षिण भूतानात संत्री आणि वेलची पिकवायचे. १९९०नंतर तिथून सुटले ते नेपाळच्या झापा जिल्ह्यात, बेलडांगीच्या छावणीत. तिथे शिधा माणशी मिळायचा. त्यांच्या वाट्याचा तांदूळ तरण्या मुलाइतकाच. कोलंबसला मापच बदललं: मुलगा कारखान्यात, सून गोदामात रात्रपाळीला आणि आजोबा घरी. अमेरिकेला येतानाच्या विमानाच्या तिकिटाचं कर्जही हप्त्यांनी फेडायचं, त्यात यांचंही तिकीट!

सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेने २०१२मध्ये या भूतानी निर्वासितांची पाहणी केली. त्यात आत्महत्येचे विचार जास्त कोणात दिसले? जे घरातले कमावते नाहीत, ज्यांना आधार कमी वाटतो, ज्यांच्या घरात आल्यापासून भांडणं वाढली. त्यात म्हातारपण, निरक्षरता आणि जोडीदाराचं जाणं मिळवा.

मान्य, तरुणांचं बस्तान बसलं, त्यांनी घरं घेतली. पण आजोबांचं काय?

पासष्टीनंतर गरिबांना एसएसआय हा सरकारी भत्ता मिळतो, पण निर्वासिताला ७ वर्षंच. पुढे हवा तर नागरिक व्हा. अर्ज ५ वर्षांनी, परीक्षा इंग्रजीत. वयस्कांना स्वतःच्या भाषेत परीक्षा देता येते ना? येते, पण पंचावन्नच्या पुढे ग्रीन कार्डावर १५ वर्षं काढल्यावर. ७ वर्षांत १५ कशी बसवायची, सांगा! उरतो आजारपणामुळे परीक्षेतून सूट मागायचा एन-६४८ हा डॉक्टरी फॉर्म. डॉक्टर लिहितो, ‘वय झालंय, लिहिता-वाचता येत नाही’, आणि फॉर्म नामंजूर. नुसतं वय किंवा निरक्षरता तिथे चालत नाही. आजार कोणता आणि त्यामुळे शिकणं का जमत नाही, ते लिहावं लागतं. भत्ता थांबल्यावर आजोबा औषधाची गोळी अर्धी करून घ्यायला लागले. पैसे वाचावेत म्हणून.

असो. तिकडच्या दवाखान्यांत आपलीही माणसं आहेत, त्यांना एक विनंती. नातवाला दुभाषा करू नका. नातवासमोर कुठला आजोबा ‘मी गेलो तर यांचं ओझं उतरेल’ म्हणेल? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषा फुकट द्यावाच लागतो, फोनवरचाही चालतो. मग घरच्यांना बाहेर बसवून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाले तर एकटं सोडू नका. ९८८ या तिथल्या आत्महत्या रोखण्याच्या मदतीच्या नंबरावर रात्रीबेरात्रीही दुभाषा जोडून देतात.