मतदान मे महिन्यातच का?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार पत्रकारांसमोर म्हणाले, की ही निवडणूक महिनाभर आधीच आटोपायला हवी होती, इतक्या उन्हात घ्यायला नको होती. दोनच दिवसांपूर्वी शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरची ३३ माणसं उष्णतेने दगावली होती. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस इतकं स्पष्ट बोलल्यावर देशात यावर चर्चा पेटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. लोकसभा आणि विधानसभा एकत्र घ्यायच्या की नाहीत यावर वाद चालूच राहिला, पण मतदान कोणत्या महिन्यात घ्यायचं, हे कोणी विचारलं नाही.

मी नोकरीसाठी दुबईत राहतो. त्या मे महिन्यात आईच्या ऑपरेशनच्या निमित्ताने नाशिकला होतो. पंचवटीपासून सिडकोपर्यंत सकाळ-संध्याकाळ रिक्षांवरचे भोंगे चालू होते. चहाच्या टपरीवर विषय ठरलेले: उमेदवारी इतकी उशिरा का जाहीर झाली, खरी शिवसेना कोणाची, आणि कांदा. कांद्याचा राग तर शंभर टक्के खरा होता. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती उठली ४ मे ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधान बोलत असताना एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ असं ओरडून सांगितलं, तेव्हा तो अख्ख्या जिल्ह्याच्या वतीने बोलत होता.

उन्हावर मात्र कोणी बोला म्हणालं नाही. आपलं नाशिक थंड हवेचं, ही समजूत अजून जात नाही, आणि मालेगावच्या उन्हाला तर लोक सरावलेत असंच आपण धरून चालतो. मालेगाव, सिन्नर आणि येवला हे तीन तालुके सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्येच दुष्काळी जाहीर केले होते. तिथल्या बायका टँकरची वाट बघत उभ्या, त्याच वेळी शहरात भर दुपारी टेम्पोतून आणलेल्या बायका गळ्यात उपरणी घालून पदयात्रेत चाललेल्या. उन्हाळ कांदा काढायचे, चाळीत भरायचे हेच दिवस. यातल्या एकाही बाईला आजची दुपार सावलीत काढते असं म्हणायची सोय नव्हती.

नाशिकचं मतदान २० मे ला झालं. आई तेव्हा ८१ वर्षांची. घरून मत देण्याची सोय आधी ८० वर्षांवरच्यांना होती, ती मर्यादा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, ८५ केली गेली. म्हणून मी तिला सात वाजताच केंद्रावर नेलं आणि तिचं मत झालं. शेजारच्या काकू घरचं आवरून अकराला निघाल्या. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली, वर मांडव नाही. त्यांना घेरी आली आणि त्या मत न देताच घरी परतल्या. मतदानाची टक्केवारी मांडताना अशा माणसाला आपण ‘मतदानाला न गेलेला’ म्हणतो, उदासीन म्हणतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

आता दुबईचं सांगतो. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हातलं काम कायद्याने बंद असतं. कोणी करून घेतलंच, तर मालकाला दर कामगारामागे ५,००० दिरहॅम दंड. तिथे परदेशी कामगाराला मत नाही, संघटना बांधता येत नाही, आणि त्या गोष्टींची भरपाई कुठल्याही नियमाने होत नाही. पण ऊन आहे म्हणून घड्याळ बदलायचं, हे सरकारने ठरवलं तर होतं, एवढं मी दरवर्षी डोळ्यांनी बघतो. आपल्याकडे दुपारी बाहेर पडू नका असा सल्ला येतो. बांधकामावरचा, हमालीवरचा माणूस तो पाळणार कसा? ज्याच्या हातात मत आहे त्याला यापेक्षा जास्त मिळायला हवं.

आणि निवडणुकीचा महिना काही दगडावरची रेघ नाही. पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी थंडीत झाली. १९८० ची जानेवारीत, १९८४ ची डिसेंबरात, १९९९ ची सप्टेंबर-ऑक्टोबरात. २००४ मध्ये लोकसभा मुदतीआधी विसर्जित करून एप्रिल-मेमध्ये मतदान झालं आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी आपण उन्हाळ्यातच अडकलो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मुदत संपण्याआधी सहा महिन्यांच्या आत निवडणुकीची अधिसूचना काढता येते. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे डिसेंबर २०२३ च्या मध्यापासून दार उघडं होतं.

फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, शिक्षक आणि शाळा दोन्ही तिकडे गुंतलेले, ही अडचण खरी आहे. तिच्यावर तोडगा काढावा लागेल: कदाचित जानेवारीत सुरुवात, कदाचित टप्पे कमी. पण परीक्षेच्या तारखा बोर्ड ठरवतं, आणि माणसांनी ठरवलेल्या तारखा माणसांना हलवता येतात. मे महिन्यातलं ऊन हलवता येत नाही. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के लोकांनी मत दिलं, लोकसभेला सुमारे ६१ टक्के. त्याला इतर कारणंही असणार, सगळं श्रेय मी हवेला देत नाही. तरी काकूंसारखी किती माणसं त्या फरकात असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सध्याची लोकसभा मुदत पुरी करणार असेल तर २०२८ च्या डिसेंबर अखेरीपासून पुढची निवडणूक घेता येईल. बोर्डाचं वेळापत्रक, बंदोबस्त, याद्या हे सगळं त्याआधी वर्षभर जुळवावं लागतं, म्हणून मागणी आत्ताच व्हायला हवी. नाशिक, दिंडोरी आणि धुळे, जिल्हा ज्यांच्यात वाटला गेलाय त्या तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांना लोकांनी हे लेखी विचारावं. मीही पत्र लिहिणार आहे. तोवर आई पंच्याऐंशीची झालेली असेल, तिचं मत घरी येऊन घेतील. काकू तेव्हाही त्या वयाला पोचलेल्या नसतील. त्यांना त्याच फाटकाबाहेर उभं राहायचं आहे.