उणे एक पूर्णांक आठ

शाळेत मी कधी नापास झाले नाही. झाले ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही हाडांच्या विषयात. घनता मोजून हातात आलेल्या कागदावर माझे गुण होते उणे १.८. गणितातसुद्धा मी शून्याच्या खाली कधी उतरले नव्हते.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उणे २.५ला पोचलात की ठिसूळ म्हणतात. तुम्ही अजून काठावर आहात." पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झपाट्याने झिजू लागतात म्हणे. पाळी गेली म्हणून मी खूश होते. जाताना ती बया घरातलं सामान उचलून नेत होती, हे आत्ता कळलं.

"पण मी रोज दहा हजार पावलं चालते!" (हा आकडा १९६५ साली एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून पसरला, हे मागाहून वाचलं. म्हणजे इतकी वर्षं रात्री साडेदहाला मी घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या त्या एका जाहिरातीखातर!) चाला, पण आठवड्यातून निदान दोनदा वजनं उचला, तोलाचाही सराव करा, असं सांगून बाईंनी मला फिजिओथेरपिस्टच्या हवाली केलं.

तो माझ्या मुलाच्या वयाचा. "काकू, एका पायावर उभ्या राहा. दहाच सेकंद." सहाव्या सेकंदाला मी त्याचा दंड धरला होता. मग म्हणाला, "खाली बसा आणि हात न टेकता उठा." बसले झोकात. उठताना आधी गुडघा टेकला, मग कोपर, मग टेबलाचा पाय आणि शेवटी "आई गं". आई गं मोजत नाहीत म्हणाला.

उड्यांची पाळी आली तेव्हा मात्र मी आवाज खाली आणला. "अरे, मला शिंक आली तरी पाय आवळून उभं राहावं लागतं." तो जराही बावरला नाही. "त्यालाही व्यायाम आहे, काकू. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, जरा थांबायचं, सोडायचे. बसल्या जागी करा, कुणाला कळतही नाही."

तेव्हापासून मी तो मीटिंगमध्ये उरकते. परवा मी आवळून पाच आकडे मोजत असताना साहेब बोलता बोलता थबकले. "तुम्हाला हे पटलेलं दिसत नाही." तीन आकडे बाकी होते, म्हणून मी गप्प राहिले. सोडेपर्यंत त्यांनी प्रस्ताव मागे घेतला होता.