दुपारीच टाकून आलाय म्हणे

आज दुपारी दोनच्या सुमारास आमच्या गेटवरचे गार्ड काका खुर्चीतून उठताना तोल जाऊन पडले आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "दुपारीच टाकून आलाय वाटतं." त्याखाली हसणारे चेहरे. मी तेव्हा खाली काकांच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत होतो, खिशात फोन नुसता वाजत होता. ते मेसेज नंतर दवाखान्याच्या बाकावर बसून वाचले आणि तेव्हापासून जो संताप झालाय तो अजून उतरलेला नाही. लिहितो, लांब होईल, ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.

काका लातूरकडचे, पन्नाशीच्या पुढचे. बारा तासाची ड्युटी. ठाण्यात घोडबंदर रोडला तोंड करून पत्र्याची केबिन, पश्चिमेचं ऊन सरळ आत, समोर रस्त्याची धूळ आणि गाड्यांचा धूर. फुल शर्ट, आतून बनियन, बूट, डोक्यावर टोपी. त्या केबिनमध्ये कधी पाच मिनिटं उभे राहिलाय का कोणी? पार्सल घ्यायला जातो तेव्हा आपण बाहेरूनच हात पुढे करतो.

पडायच्या आधी ते माझ्याशी बोलत होते, आणि बोलणं धड नव्हतं. जीभ जड, मला कुठल्यातरी दुसऱ्याच नावाने हाक मारली, मागे येऊन थांबलेल्या गाडीला गेट उघडायचं ते त्यांना सुचेचना, नुसते हातातल्या रजिस्टरकडे बघत बसले. बघणाऱ्याला दारू वाटेल हे खरंय. पण मी हे अगदी असंच एकदा बघितलंय, आणि तेव्हा बाहेर उणे वीस होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने आम्हाला जानेवारीत लेहच्या पुढे एका साइटवर पाठवलं होतं, इलेक्ट्रिक पॅनेलच्या कामाला. तेव्हा तिकडे हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळत नव्हतं, उणे तेहतीसपर्यंत न गोठणारं ते डिझेल 2019 ला आलं. आमच्या वेळी डिझेलमध्ये रॉकेल घालायचे आणि सकाळी गाडीच्या टाकीखाली विस्तव करून ती सुरू करायची. उघड्या हाताने पाना धरला तर कातडी चिकटते हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्यात साताऱ्याचा एक पोरगा होता, तालमीतला, दणकट. एका दुपारी काम करता करता तो हसायला लागला. कारण नसताना. पाना हातातून पडला, उचलताना परत पडला, बोलायला गेला तर शब्द एकमेकात अडकले. आम्ही बाकीचे त्याच्याबरोबर हसत होतो. तिथला फोरमन लडाखी माणूस, आम्ही त्यांना आचो-ले म्हणायचो, ते वीस फुटांवरून धावत आले. त्याचा चेहरा बघितला, मोजे काढायला लावले, मोजे घामाने ओले होते. ताबडतोब काम बंद. सगळ्यांचं. पोराला खोलीत नेऊन कोरडे कपडे, अंगावर रजया, बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, पेटलेली पण तिच्यापासून लांब बसवला, हातपाय चोळू दिले नाहीत कोणाला, आणि नीट गिळायला लागल्यावर गोड चहा. "और दस मिनट होता तो ये सो जाता," एवढंच म्हणाले.

त्याने घेतली आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. लक्षात घ्या हे. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि शरीराचं गणित दोन्हीकडे एकच आहे हो. आपलं आतलं तापमान 37 च्या आसपास. 35 च्या खाली घसरलं की मेंदू मंदावतो, जीभ अडखळते, तोल जातो. 40 च्या वर गेलं की परत तेच, बडबड, गोंधळ, झोकांड्या, मग फिट, मग बेशुद्धी. माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो दोन्हीकडे. लेहमध्ये हे शाळेतल्या पोरालाही माहीत असेल. ठाण्यात एवढे शिकलेले लोक एका ग्रुपवर, आणि एकाच्याही डोक्यात उष्माघात हा शब्द आला नाही??

थंडीला आपण मान देतो. कोणी लडाखला निघालं की आपण थर्मल घे, हातमोजे घे, पहिले दोन दिवस नुसता आराम कर, सगळं सांगतो. उन्हाचं मात्र उलटं, उन्हात राबणाऱ्याने सहन करायचं, कुरकुर केली तर तो कामचोर.

ग्रुपवर एक काका (माझ्याच विदर्भातले, म्हणून जास्त लागलं) लिहितात की आम्ही 46 डिग्रीत लहानाचे मोठे झालो, हे 36-37 म्हणजे काय. अहो मी अकोल्याचा आहे. अकोल्यात मे महिन्यात दुपारी बारा ते चार कोण असतं रस्त्यावर? दुकानं अर्धी बंद, डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय आई दारात जाऊ द्यायची नाही, खिशात कांदा, घरात आल्याबरोबर पाणी नाही, आधी पाच मिनिटं बस मग पन्हं. कूलरला वाळ्याचे ताटवे आणि त्याच्यासमोर सगळं घर ओळीने झोपलेलं. 46 ला आम्ही छाती काढून उभे नव्हतो, आम्ही लपत होतो! ते शहाणपण होतं. इथे येऊन ते विसरलात आणि आकडा तेवढा लक्षात ठेवलात.

शिवाय तो आकडा इथे चालतच नाही. अकोल्याची हवा कोरडी, घाम आला की उडून जातो आणि अंग गार होतं, म्हणून तर तिथे कूलर चालतो. इथे एका बाजूला खाडी, हवा दमट, घाम नुसता गळतो, उडत नाही, म्हणजे शरीराकडे गार व्हायचा जो एकच उपाय आहे तो बंद. 36 डिग्री आणि 60 टक्के दमटपणा असला तर अंगाला ते 48 च्या आसपास भासतं. म्हणून हवामान खातं मैदानी भागात 40 ला उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं आणि किनारपट्टीला 37 लाच. आणि खारघर विसरलो का आपण? 16 एप्रिल 2023. महाराष्ट्र भूषणचा सोहळा, उघडं मैदान, वर मांडव नाही, लोक तासन्‌तास उन्हात बसलेले. पारा चाळीसलाही पोचला नव्हता. 14 माणसं गेली. आपल्या ठाण्यापासून किती लांब आहे ते, तासभर?

हो, ड्युटीवर पिणारे गार्ड असतात, आमच्याकडेही पूर्वी एक होता, मान्य. पण म्हणून पडलेल्या माणसाजवळ जाऊन कपाळाला हात लावायला काय होतं. हात लावला असता तर कळलं असतं, अंग नुसतं पेटलं होतं.

माझा मेहुणा दुबईला साइटवर आहे. तिकडे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी, कायद्याने. केरळमध्येही उन्हाळ्यात कामगार खातं दुपारची सुट्टी लावतं. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात उन्हाने माणसं गेली तेव्हा त्यांनी शहाणे होऊन 2013 ला उन्हाचा आराखडा केला. आणि आमची कमिटी म्हणते केबिनला पंखा लावला की गार्ड झोपतात. आचो-लेंनी एका पोराच्या अडखळण्यावर अख्ख्या साइटचं काम थांबवलं होतं, वर साहेबाचे फोनवर फोन येत होते, ऐकलं नाही त्यांनी. आमच्याकडे दुपारी तीनचा गच्चीवरचा राउंड चुकला म्हणून पगार कापतात.

जाऊ दे. चिडून लिहितोय ते कळतंय मला, आणि ज्यांनी ते हसणारे चेहरे टाकले त्यातले दोघं नंतर स्वतः दवाखान्यात आले, एकाने घरून स्वच्छ शर्ट आणला काकांसाठी, ते पण लिहिलं पाहिजे. दुष्ट नाही कोणी. माहीत नाही लोकांना एवढंच, आणि माहीत करून घ्यायची गरज कधी पडली नाही कारण आपण एसीतून एसीत जातो.

म्हणून सरळ सांगतो. असं कोणी बडबडताना, झोकांड्या खाताना दिसलं तर आधी सावलीत न्या, बूट आणि शर्ट काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत ठेवा, 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तोंडाचा वास नंतर घ्या.

काका आता बरे आहेत, सलाईन चालू आहे, संध्याकाळी मला नावाने हाक मारली. त्यांचा मुलगा रात्रीच्या गाडीने निघालाय. काकांनी पहिलं काय विचारलं माहितीये, आजचा खाडा लागेल का.

केबिनसाठी पंखा आणि पत्र्यावर टाकायला हिरवी जाळी मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोघं मिळून उद्या आणतोय, पैसे नकोत. खाडा लागू नये, दुपारचा राउंड बंद व्हावा आणि हाफ शर्ट चालावा यासाठी मात्र कमिटीची सही लागेल. सेक्रेटरी साहेब, दोन वेळा फोन केलाय तुम्हाला, हे वाचत असाल तर उचला.