"काका, कॉपीच करायचात ना?"

आज एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मुलाने विचारलं, "काका, तुमच्या वेळचं आर अँड डी (म्हणजे संशोधन) म्हणजे कॉपीच ना?" औषध कंपनीत नुकताच लागलाय. पाहुण्यांत होतो म्हणून गप्प बसलो. घरी आल्यापासून डोकं ठणकतंय.

कॉपी? १९७२ पासून नवा पेटंट कायदा लागू झाला आणि औषधावर नाही, ते बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळू लागलं. मग तेच औषध वेगळ्या मार्गाने, इथे मिळणाऱ्या कच्च्या मालातून, आपल्या माणसाला परवडेल असं बनवायचं. आमच्या ठाण्याच्या लॅबने वर्षानुवर्षं हेच केलं. रेणू दुसऱ्याने शोधलेला होता, मान्य. पण करून बघा एकदा!

एक बॅच आठवते. शेवटच्या टप्प्याला स्फटिक पडायलाच तयार नाहीत, नुसतं तेल. बर्फात ठेवलं, काचकांडीने फ्लास्क आतून खरवडला, सॉल्व्हंट बदलला. तेलच. आम्ही एमएस्सी-पीएचडीवाले तोंडं पाडून बसलेलो. तेवढ्यात काचसामान धुणारे मामा (अख्खी लॅब त्यांना मामाच म्हणायची) आधीच्या बॅचचा फ्लास्क घेऊन आले. "साहेब, ह्यो मी धुतला नाय. मानेला माल चिकटलाय. ह्यात ओतून बगा."

सकाळी फ्लास्क पांढराशुभ्र. सीडिंग, म्हणजे तयार स्फटिकाचा कण टाकून बाकीचे स्फटिक पाडणं, आम्हा सगळ्यांना पाठ होतं, पण सीडपुरता माल राखून ठेवायचं सुचलं फक्त मामांना. आमच्या डॉक्टरसाहेबांनी लॅब नोटबुकात त्या प्रयोगाखाली मामांचं पूर्ण नाव लिहायला लावलं. मी लिहिलंय ते, माझ्या हाताने.

आता काचसामान धुणारा एजन्सीचा असतो, अकरा महिन्यांनी बदलतो. तो कशाला फ्लास्क बाजूला ठेवेल? आणि ठेवला तरी त्याला विचारणार कोण? सुरक्षेच्या बाबतीत आजच्या लॅब कितीतरी बऱ्या, आमच्याकडे बेंझीनसुद्धा उघड्यावर वापरायचे. ते सोडा.

आणि नवं काही झालंच नाही म्हणता? पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या लोकांनी तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून बुरशीवरचं औषध हमायसिन काढलं. जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. मुलुंडला हेक्स्ट या औषध कंपनीच्या मंडळींनी माईनमुळ्यातून, हो, आपण लोणचं घालतो त्याच, फोर्स्कोलिन नावाचं रसायन वेगळं केलं. १९७७ साली त्याची रचना छापून आली. पेशींवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते आजही वापरतात. शोधनिबंधांवर शास्त्रज्ञांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण ती मुळं निवडणारे, दळणारे, प्राण्यांच्या खोलीत रात्रपाळी करणारे? त्यांचेही कोणीतरी मामा असतीलच ना तिथे!

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराची तरी काय चूक? आमचा विभाग बंद झाला तेव्हा नोटबुकं खोक्यांत भरून कुठल्याशा गोदामात गेली, आणि आम्हीही निरोप समारंभात समोसे खाऊन घरी गेलो. त्याला सांगणार कोण होतं?

आमच्या लॅबमधलं कोणी हे वाचत असेल तर खाली लिहा. कोण कुठल्या बेंचवर होतं, पायलट प्लांटला कोण, स्टोअरला कोण, सगळं. चहा आणणाऱ्यापासून लिहा. आणि मामांच्या मुलाचा नंबर कोणाकडे असेल तर मला मेसेज करा. वडिलांचं नाव नोटबुकात आहे हे त्याला माहीत असेल असं मला वाटत नाही. मामा स्वतःहून सांगणाऱ्यातले नव्हते.