‘जीसीसी असेल तरच घ्या’ या सल्ल्यात काय चुकतं

आखातात नव्याने आलेल्यांच्या फोनवर केव्हातरी हा मेसेज येऊन पडतोच: "सेकंडहँड गाडी घेताय? जीसीसी स्पेक असेल तर डोळे मिटून घ्या. इम्पोर्ट फुकट मिळाली तरी नको, तिचा रेडिएटर आणि एसी इथल्या उन्हासाठी बनलेलाच नसतो." (जीसीसी स्पेक म्हणजे आखाती देशांच्या बाजारासाठी बनलेली गाडी; इम्पोर्ट म्हणजे दुसऱ्या बाजारासाठी, बहुतेकदा अमेरिकेसाठी, बनून इथे आणलेली.) खाली चासी नंबरवरून इम्पोर्ट ओळखायची युक्ती असते. शिवाय, घ्यायचीच झाली तर कारफॅक्स (गाडीच्या अमेरिकेतल्या इतिहासाचा रिपोर्ट) ‘क्लीन’ बघा, पासिंग करून घ्या आणि मोठा रेडिएटर टाका, असा सल्ला. हेतू चांगला आहे, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात बोट चुकीच्या जागी ठेवलंय.

"इम्पोर्टचा रेडिएटर आणि एसी इथे टिकत नाही." हे अर्धंच खरं. काही मॉडेल्सना आखातासाठी मोठा रेडिएटर, जास्त ताकदीचा पंखा किंवा गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर देतात. काहींना अमेरिकेतलाच भाग जसाच्या तसा असतो. ऐकीव माहितीवर जाऊ नका. जीसीसी आणि इम्पोर्ट अशा दोन्ही गाड्यांचे चासी नंबर पार्ट्सच्या दुकानात द्या आणि रेडिएटर, कंडेन्सर (रेडिएटरसमोरची, एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), पंखा यांचे पार्ट नंबर ताडून पाहा. आणि अमेरिका म्हणजे काही नुसता बर्फ नव्हे. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि तिथे लोक हीच मॉडेल्स चालवतात. कॅनडातून आलेल्या गाडीत मात्र उन्हापेक्षा रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेलं अंडरबॉडी आणि ब्रेकचे पाइप आधी बघा.

मग इथे इतक्या इम्पोर्ट गाड्या का तापतात? कारण त्यातल्या बऱ्याच पुढून ठोकलेल्या असतात. अमेरिकेत विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी लिलावात निघते, जहाजाने इथे येते आणि स्वस्तात उभी केली जाते. बंपर, बॉनेट, दिवे नवे बसतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. न दिसणाऱ्या गोष्टी राहून जातात. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि कडेचा फोम नसेल तर इंजिनाकडची गरम हवा वळसा घालून पुन्हा कंडेन्सरसमोर येते. पंख्याचं कव्हर तुटकं असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेच्या फटीतून ओढतो. ग्रिलमागे उघडझाप होणारी झडप असेल आणि मोटर मेल्याने ती मिटलेलीच अडकली असेल, तर हवेची वाटच बंद. पट्ट्या किंवा कव्हर धड नसलेली गाडी हायवेवर थंडगार असते आणि सिग्नलला उभी राहिली की एसी कोमट होतो.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी घ्या, संध्याकाळी नाही. २० मिनिटं चालवून आणा, मग जागेवर उभी करून एसी फुल, हवा आतल्या आत फिरणारी, आणि मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर. दहा-पंधरा मिनिटं आकडा बघत राहा. उभ्या गाडीत तो चढत गेला आणि चालत्या गाडीत उतरला, तर दोष बहुधा कंडेन्सरवरून जाणाऱ्या हवेत आहे. गॅस भरून उपयोग नाही, उलट जास्त गॅसने दाब वाढून कॉम्प्रेसर बंद पडत राहील. गॅस कोणता आणि किती ग्रॅम हे बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. नव्या अमेरिकन गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. त्याचा व्हॉल्व्हच वेगळा असतो, तरी महाग म्हणून त्यात ॲडॉप्टर लावून जुना, स्वस्त आर-१३४ए कोंबणारे भेटतात.

इंजिनाच्या तापमानासाठी डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मधोमधच उभा राहील असा बांधलेला असतो; हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणारं यंत्र) लावून कूलंटचा आकडा थेट वाचा. पंखा सुरू झाला की तो खाली यायला हवा. चढतच राहिला तर व्यवहार तिथेच थांबवा. गार इंजिनावर झाकण उघडून कूलंटही बघा. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळतं, आणि एक बार दाबाच्या झाकणाखाली १२५ च्याही पुढे जातं. नळाचं पाणी भरलेली गाडी हा फायदा तर गमावतेच, शिवाय क्षार साचून रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. तपकिरी, गढूळ कूलंट जीसीसी गाडीतही तितकंच वाईट.

"चासी नंबर १, ४ किंवा ५ ने सुरू झाला तर इम्पोर्ट." नाही. पहिला आकडा गाडी कुठे बनली ते सांगतो, कोणत्या बाजारासाठी बनली ते नाही. अमेरिकेत बनलेल्या कितीतरी गाड्या एजन्सीने इथे जीसीसी म्हणूनच विकलेल्या असतात. एजन्सीत चासी नंबर देऊन विचारा, हा सरळ मार्ग. अमेरिकन गाडीच्या खुणाही असतात: मैलांचा स्पीडोमीटर, मागचे लाल इंडिकेटर, किंवा एफएमवर फक्त विषम दशांश (१०४.७, १०४.९) लागणं. त्यामुळे दुबईत ऐकू येणारं १०४.८ नीट लागत नाही, ही त्यातली किरकोळ डोकेदुखी.

"जीसीसी असेल तर डोळे मिटून घ्या." हे वाक्य सगळ्यात महागात पडू शकतं. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस पडला. दुबई-शारजात पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्यांवर जीसीसीचाच शिक्का होता. बुडालेली गाडी सुकवली की चालू होते. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडायला महिने जातात, मग एबीएस, गिअर, एअरबॅग यांचे दिवे एकेक करून लागतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा. कार्पेटखालचा फोम हाताने दाबा, सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा गंजलाय का तपासा. जुन्या गाडीत कार्पेट तेवढं नवंकोरं असेल तर कारण विचारा. अमिरातीतल्या अपघातांची नोंद एमिरेट्स व्हेइकल गेटच्या साइटवर चासी नंबरने बघता येते. पोलिसांत न गेलेलं काही तिथे दिसणार नाही.

कारफॅक्सचंही तेच. त्यात कळवलेलंच येतं. ‘क्लीन’ याचा अर्थ नोंद सापडली नाही, इतकाच. चासी नंबर गूगलवर टाका. लिलावातले फोटो बऱ्याचदा तिथेच निघतात आणि विक्रेत्याच्या ‘नुसता ओरखडा होता’ची किंमत कळते. पासिंगमध्ये ब्रेक, दिवे, टायर, धूर बघतात. एअरबॅग खरी आहे की नुसतं झाकण, हे ती कागदी पावती सांगत नाही. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बहुधा कोणीतरी काढलाय. विझला तरी स्कॅनरने एअरबॅग मॉड्यूल वाचा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावूनही दिवा विझवता येतो आणि तो स्कॅनरलाही फसवू शकतो.

टकाटा या जपानी कंपनीचे एअरबॅग हा खास उष्ण, दमट हवेचा धोका आहे. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि ओलाव्याने बिघडतं आणि फुटताना धातूचे तुकडे उडवतं. साधारण २००२ ते २०१५ दरम्यानची अमेरिकन गाडी असेल तर तिचा चासी नंबर अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या (एनएचटीएसए) साइटवर टाकून रिकॉल (कंपनीने फुकट करून द्यायची दुरुस्ती) बाकी आहे का बघा. बाकी असेल तर इथली एजन्सी तो करून देईल का, हे पैसे मोजण्याआधी विचारा.

"मोठा रेडिएटर टाकला की झाली जीसीसी." होत नाही. पंखा, कव्हर, बाजूच्या पट्ट्या आणि कंडेन्सर मूळचे नसतील तर जाड रेडिएटर हवेला उलट जास्त अडवतो. आधी कंपनीचे हरवलेले भाग बसवा, मग गरज उरली तरच रेडिएटरकडे वळा.

दोन गोष्टी मेसेजमध्ये नाहीतच. मीटरवरचा ८०,००० हा आकडा मैलांत असेल तर ते सुमारे १,२८,७०० किलोमीटर झाले. जाहिरातीत एकक गाळलेलं असू शकतं. आणि विमा: टोकन देण्याआधी चासी नंबर दोन-तीन कंपन्यांना पाठवून कॉम्प्रिहेन्सिव्हचं लेखी कोटेशन मागवा. फक्त थर्ड पार्टी मिळेल असं उत्तर आलं, तर भाव त्या हिशेबाने पाडून मागा, नाहीतर दुसरी गाडी बघा.