काढू का मास्क?

सकाळपासून डोकं फिरलंय. दुकान उघडून बसलो, गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे द्यायचे तेपण दोनदा चुकलो, म्हणून लिहून टाकतो. मोठं झालंय, ज्याला वाचायचं त्यानं वाचा.

आज रविवार, कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसलतो. आमच्या परभणीत रविवारचं कटिंग म्हणजे तास-दीड तास, तेवढ्यात ट्रम्पपासून जायकवाडीच्या पाण्यापर्यंत सगळ्याचा निकाल लागतो. एक पोरगं आलं, वीस-बावीसचं, अंगानं काडी, तोंडाला मास्क. कोपऱ्यात स्टुलावर बसलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आपल्या लोकांना राहवतंय होय? खुर्चीतले एक काका, गालाला फेस लावलेला, तसेच आरशात बघून म्हणाले, "काय रे, तुझा कोरोना गेला नाही का अजून?" झालं, सगळे हसले. मग सुरूच. मास्क म्हणजे सगळं थोतांड होतं, कंपन्यांचा धंदा होता, आम्ही एक दिवस लावला नाही, काय झालं आम्हाला? दुसरे एकजण गळ्यात दस्ती टाकून बसलेले, ते तर मागंच लागले, "काढ की लेका, कपड्यानं कुठं रोग अडतो का, गुदमरून मरशील."

पोरगं खाली बघत होतं. मग म्हणालं, "टीबी आहे मला. गोळ्या चालू आहेत. काढू का?"

फक्त मशीनची घरघर राहिली. आणि त्या दस्तीवाल्या काकांनी गळ्यातली दस्ती वर ओढून नाकाला लावली. दोन मिनिटांपूर्वी कपड्यानं काय अडतं म्हणणारा माणूस! मला इतका राग आला की काय सांगू.

आता खरं सांगतो. मी हसलो नाही, पण बोललो पण नाही. कारण "काढा की" हे मी स्वतः बोललोय, आणि कुणाला बोललोय तर माझ्या सख्ख्या मामाला.

मार्च २०२१. गंगाखेडला मावसबहिणीचा साखरपुडा. परवानगी पन्नास माणसांची, जेवून गेले दीडशेच्या वर, तुम्हीपण तेव्हा असंच केलंय, उगं साळसूद बनू नका. मामा रिटायर्ड मास्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तोंडाला निळा मास्क. सकाळपासून काढला नव्हता माणसानं. फोटोच्या वेळी मी ओरडलो, "मामा, काढा की ते, नवरदेवाकडचे म्हणतील मामा आजारी आहेत." सगळे हसले. आज सकाळी हसले ना, अगदी तसंच. मामांनी मास्क काढला, चौघडी घडी घालून वरच्या खिशात ठेवला, आणि पुढं जेवणं, निरोप, सगळं तसंच झालं.

नवव्या दिवशी ताप. मग स्वॅब, मग सिटी स्कॅन, स्कोअर पंचवीसपैकी सतरा. मी रेमडेसिवीरच्या सहा इंजेक्शनांसाठी परभणी, नांदेड, औरंगाबाद पालथं घातलं. आणि गंमत बघा, ते इंजेक्शन अ‍ॅडमिट पेशंटला देऊ नका असं डब्ल्यूएचओनं नोव्हेंबर २०२० मध्येच म्हटलं होतं. आपण त्याच्यासाठी बायकोचे दागिने मोडले, त्याला कुणी थोतांड म्हणत नाही. दहा रुपयाचा मास्क मात्र थोतांड.

हो, मान्य आहे, सरकारांनी पण माती खाल्ली. डब्ल्यूएचओ आधी म्हणायचं सगळ्यांनी लावायची गरज नाही, जून २०२० मध्ये म्हणालं लावा. भाजीवाल्या बाईकडून दंड घेतला आणि २०२१ च्या एप्रिलात तिकडं पंढरपूरच्या पोटनिवडणुकीला सभा झाल्या, त्या बाईला राग येणार नाही तर काय. आणि दस्ती एन-९५ इतकी कामाची नाही हेपण खरंय. बरं. म्हणून लावणाऱ्याला हसायचं? २०२२ च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली तेव्हा मीपण सुटलो म्हणालो. पण सक्ती उठली म्हणजे मास्कवर बंदी आली का?

मामा वाचले. पण दोन जिने चढवत नाहीत, बोलता बोलता मध्येच थांबतात, आपण समजायचं श्वास घ्यायलेत. मला एका शब्दानं बोलले नाहीत. एकदा मीच विषय काढला तर म्हणाले, "अरे, त्याच्या दोन दिवस आधी मी पेन्शनसाठी बँकेत रांगेत होतो, तिथनंच आला असंल." असंल. मी त्या बँकेला इतकी वर्षं धरून बसलोय. साखरपुड्याचा तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये लावलाय, सगळे दात काढून हसायलेत, आणि मामांच्या खिशातून मास्कची पांढरी नाडी बाहेर लोंबायलीय. मी गेलो की त्या भिंतीला पाठ करून बसतो.

आणि हे पोरगं. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, म्हणजे त्यानं मास्क लावला होता तो आपल्यासाठी हो! ज्यांच्यासाठी लावला तेच हसायलेत. सहा महिने गोळ्या खायच्या, त्यात घरचं काय चालू असंल ते त्यालाच माहीत, आणि वरून रविवारी चार लोकांत सांगावं लागतं मला काय झालंय ते. कामून? आपल्याला गप्प बसता येत नाही म्हणून.

दोघंजण "नंतर येतो" म्हणून उठून गेले. कटिंगवाल्यानं मात्र काही न बोलता खुर्ची झटकली, दार सताड उघडलं, फॅन फास्ट केला आणि पोराला म्हणाला, "ये, बस." माझा नंबर होता खरं तर. मी कायच बोललो नाही. तेवढंच केलं मी, त्याचं काय कौतुक.

कमेंटमध्ये लिंका टाकायच्या त्यांनी टाका, मी उघडणार नाही. दुपारी दुकानात मोकळाच असतो, या, चहा सांगतो, तिथं भांडू. दस्तीवाले काका, तुम्हीपण या. फ्रेंडलिस्टमध्ये आहात, मला माहितीय तुम्ही वाचायलात.