मास्तर गाव घडवत नाही

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीवरचा तुमचा लेख वाचला; त्यात तिला ‘एका शिक्षकाने घडवलेल्या गावाची गोष्ट’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. गेल्याच महिन्यात पुन्हा वाचली. शाळेला पोरं मिळतात ती धनगरांच्या या वाडीचा म्होरक्या असलेल्या कारभाऱ्याच्या शब्दामुळे, आणि त्याची लेक अंजी हिच्या चोळीवरून हाच कारभारी बिथरतो तेव्हा मास्तराची पार पंचाईत होते. तालमीचा ध्यास मास्तराचा खरा, पण ती उभी राहते वाडीच्या अंगमेहनतीवर. शेवटी दुष्काळात धनगर मेंढरं घेऊन जगायला निघून जातात. मग घडलं कोण? माझ्या मते मास्तरच.

मी स्वतः आटपाडीकडे काही वर्षं शाळेत शिकवलंय. दिवाळीनंतर कळपामागे गेलेली पोरं हजेरीपटावर कशी ‘हजर’ ठेवायची, हा आमचाही प्रश्न होता, त्यामुळे असेल कदाचित, पण मला ही कादंबरी लेखात म्हटल्यासारखी ‘रम्य’ मुळीच वाटत नाही. वाडीतल्या शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः औत ओढते, ते पान आठवा. माडगूळकर तिथे एकदाही गळा काढत नाहीत, म्हणून ते जास्त लागतं. त्या प्रसंगाचा लेखात साधा उल्लेखही नसावा? भाषेबद्दलचा परिच्छेद मात्र झकास.